परक्या नदीचा गाळ

बाबांना अमेरिकेत, नॉर्थ कॅरोलायनातल्या केरीत माझ्याकडे येऊन सहा आठवडे झाले होते आणि ते कंटाळले होते. आईचं बरं, ती नातवंडांत रमलेली. बाबा सकाळी उठून सोसायटीच्या तळ्याभोवती तीन फेऱ्या मारायचे आणि परत येऊन म्हणायचे, "काठ आहे, कठडा आहे, बदकं आहेत. पाणी कुठून येतं नि कुठं जातं तेवढं कोणाला माहीत नाही." पाटबंधारे खात्यात शाखा अभियंता म्हणून निवृत्त झालेला चिपळूणचा माणूस. त्याला न वाहणारं पाणी दाखवून उपयोग नाही.

ऑफिसातल्या एका सहकाऱ्याच्या चर्चचा गट अधूनमधून पश्चिम नॉर्थ कॅरोलायनात घरं उभी करायला जातो. हेलीन वादळाला नऊ महिने होऊन गेले होते तरी काम संपलेलं नव्हतं. मी दोन दिवस कामाला येतो म्हणालो आणि बाबांना सहज विचारलं, डोंगरात येता का?

"पाहायला काय आहे?"

"पूर येऊन गेलेली नदी."

सकाळी सहाला त्यांची पिशवी दारात होती. आत स्वेटर, गोळ्यांचा डबा, आईने दिलेले राजगिऱ्याचे लाडू आणि त्यांची स्वतःची मोजपट्टी. मोजपट्टी चिपळूणहून आणली होती! अमेरिकेला येताना माणूस मोजपट्टी का आणतो, हे मी विचारलं नाही.

मंगळवार, १ जुलै २०२५

केरीहून आय-चाळीस रस्ता सरळ पश्चिमेला जातो. पहिले तीन तास सांगण्यासारखं काही नाही. मग ओल्ड फोर्ट नावाचं गाव येतं आणि एकदम पाच-सहा मैलांची चढण लागते. ट्रक उजव्या बाजूला कण्हत चाललेले, उतरणाऱ्या ट्रकना ब्रेकच्या सूचना देणाऱ्या पाट्या, दोन्हीकडे गच्च झाडी. बाबा पुढे सरसावून बसले. "कुंभार्ली," ते म्हणाले. बस्स, एवढंच.

खरंच कुंभार्ली घाट. घाटमाथ्यावर पाणी वाटलं जातं. माथ्याच्या अलीकडे पडलेला थेंब कटावबा नदीच्या खोऱ्यातून अटलांटिकला जातो. पलीकडे पडलेला थेंब स्वानानोआ, तिच्यातून फ्रेंच ब्रॉड, मग टेनेसी, ओहायो, मिसिसिपी असा अर्धी अमेरिका फिरून मेक्सिकोच्या आखाताला. बाबांना हे सांगितल्यावर ते खूश झाले. कोयनेचं पाणी असंच पूर्वेला, कृष्णेत जायचं. आपण डोंगराला भोकं पाडून ते पोफळीला खाली आणलं, वीज काढली आणि वाशिष्ठीत सोडलं. "इथं कुणी असं केलं नाही ना?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, माझ्या माहितीत नाही. "मग यांचा पूर यांचाच," ते म्हणाले.

हेलीन २६ सप्टेंबर २०२४ च्या रात्री फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर चढलं, चौथ्या श्रेणीचं चक्रीवादळ म्हणून. दुसऱ्या दिवशी सकाळी ते किनाऱ्यापासून शेकडो मैल आत, या डोंगरांवर होतं. पण खरी मेख अशी, की वादळाच्या आधीच दोन दिवस इथे झोडपून पाऊस झाला होता. जमीन पिऊन तट्ट झालेली, ओढे भरलेले, आणि त्यावर हेलीन. बुसिक नावाच्या ठिकाणी तीन दिवसांत ३०.७८ इंच पाऊस मोजला गेला. बाबांनी तोंडी हिशेब केला: पाऊणेआठशे मिलिमीटरच्या वर. "महाबळेश्वरला २१ साली एका दिवसात ५९४ झाला होता," ते म्हणाले. त्यात थोडा गर्व होता, हे मला लिहिलं पाहिजे. मग जरा वेळाने, खिडकीबाहेर बघत: "पण त्या डोंगराला सवय आहे. या डोंगराला नसणार."

नव्हतीच. राज्यात शंभराहून अधिक माणसं गेली. दरडी हजारोंनी कोसळल्या. नुकसानीचा राज्य सरकारचा अंदाज ६० अब्ज डॉलरच्या घरातला.

रात्री ब्लॅक माउंटनजवळ चर्चच्या हॉलमध्ये मुक्काम. बंकवरची खालची जागा बाबांना मिळाली. शेजारी ओहायोहून आलेला एक निवृत्त प्लंबर, जो झोपेत घोरायचा नाही तर हिशेब करायचा.

बुधवार, २ जुलै

काम स्वानानोआ गावात. गाव म्हणजे हमरस्ता, रेल्वे आणि नदी एकमेकींना चिकटून चाललेल्या, आणि त्यांच्यामध्ये जमेल तशी घरं. नदी आज पाहिली तर हसू येईल. गुडघाभर पाणी, दगडांवरून खळखळ, पलीकडच्या काठावरून मारलेली हाक ऐकू येईल एवढं पात्र. आमच्याकडे याला नदी नाही, पऱ्या म्हणतील. पण काठावरच्या झाडांकडे मान वर करून पाहावं लागतं. डोक्यापेक्षा खूप वर, फांद्यांच्या बेचक्यांत अजून प्लास्टिक, पत्रे, एक लहान मुलाची गादी.

घर एका सत्तरीच्या बाईंचं. पाण्यात साडेतीन तास त्या शेजाऱ्यांच्या छपरावर होत्या. पूरविमा नव्हता, या डोंगराळ भागात फारच थोड्यांकडे होता, कारण नकाशावर बहुतेकांची घरं पूररेषेच्या बाहेर होती. पूररेषा हा शब्द मी बाबांना मराठीत सांगितला आणि ते नुसते हसले. चिपळुणात निळ्या-लाल रेषांवरून झालेला गोंधळ ज्याला माहीत आहे त्याला त्या हसण्याचा अर्थ कळेल.

इथला एक नियम ऐकण्यासारखा आहे. पूरपट्ट्यातल्या घराच्या दुरुस्तीचा खर्च घराच्या किमतीच्या निम्म्यावर गेला, तर नुसती दुरुस्ती चालत नाही. घर आजच्या नियमांप्रमाणे उंचावर उचलावं लागतं. कागदावर उत्तम. पण घर उचलायचा खर्च म्हणजे दुसरं घर. बाईंचा आकडा निम्म्याच्या जरा खाली आला म्हणून त्यांचं काम चालू झालं. शेजारचा आकडा जरा वर गेला, तो अजून ट्रेलरमध्ये राहतोय. दोन्ही घरांत पाणी सारखंच शिरलं होतं.

घर आतून सोललेलं. भिंतींच्या पाट्या, इन्सुलेशन, जमीन सगळं गेल्या वर्षीच उपसून टाकलेलं; उरलाय लाकडी सांगाडा. आम्ही जिप्समच्या पाट्या ठोकायच्या. बाबांना शिडीवर चढायची मनाई, हे गटप्रमुखाने पहिल्याच वाक्यात सांगितलं. त्यांना एक उलटी बादली दिली बसायला आणि जुने स्क्रू सरळ करून वेगळे करायचं काम दिलं. चौऱ्याहत्तर वर्षांच्या पाहुण्याला द्यायचं काम.

अर्ध्या तासाने त्यांनी बादली सोडली.

झालं असं, की पाटी कापताना एकाचं माप चुकलं, मग दुसऱ्याचं. बाबा उठले, खिशातून मोजपट्टी काढली, भिंतीचा गाळा मोजला आणि म्हणाले, "सात फूट चार इंच तीन सूत." मी ते इंग्रजीत सांगितलं: सात फूट, चार आणि तीन अष्टमांश इंच. ओहायोच्या प्लंबरने डोळे बारीक करून विचारलं, हे त्यांना कसं जमलं, तुमच्याकडे तर मीटर चालतात ना? आता त्याला काय सांगणार. धरणं मीटरमध्ये आणि दारं-खिडक्या सुतात, अशा देशातून आलोय आम्ही. त्यानंतर दिवसभर बाबा माप घेत होते, मी ओरडत होतो आणि प्लंबर कापत होता. संध्याकाळपर्यंत तो 'सूट' म्हणायला शिकला होता. "फोर सूट!"

दुपारी एक जुना लोखंडी स्विच-बॉक्स निघाला, मागच्या भिंतीतला, सगळ्यांच्या नजरेतून सुटलेला. उघडला तर आत गाळ. घट्ट बसलेला, बॉक्सच्या आकाराचा, जसा काही साच्यातून काढलेला खरवस. बाबांनी तो तळहातावर उपडा केला आणि खिडकीशी नेला. वरून राखाडी-तपकिरी, अंगठ्याने मोडला तर आत चमचम. "अभ्रक," ते म्हणाले. खरंच, हा सगळा अभ्रकाचा मुलूख. इथून उत्तरेला स्प्रूस पाइनला अभ्रकाच्या जुन्या खाणी आहेत, आणि जगाच्या चिप कारखान्यांना लागणारं शुद्ध क्वार्ट्‌झही तिथूनच निघतं. बाबांनी चिमूट जिभेवर ठेवली नाही, एवढंच. बोटांत चोळली, वास घेतला, परत चोळली. "आपला गाळ चिकट. नखात अडकला की आठवडाभर निघत नाही. हा तर पावडरीसारखा आहे. हा बसायला वेळ घेत असेल."

रात्री जेवताना ते गप्प होते. मग म्हणाले, "आज दोन जुलै."

२ जुलै २०१९ ला रात्री तिवरे धरण फुटलं. चिपळूण तालुक्यातलंच. वीसहून अधिक माणसं गेली. बाबा तेव्हा निवृत्त होऊन दहा वर्षं झाली होती, त्या धरणाशी त्यांचा संबंधही नव्हता. पण पाटबंधाऱ्यातल्या माणसाला ती तारीख विसरता येत नाही.

गुरुवार, ३ जुलै

आज काम नाही. लेक लूर हे धरणाचं तळं बघायला निघालो.

ॲशव्हिलहून लेक लूरला सरळ रस्ता आहे, घळीतून, नदीला बिलगून जाणारा. तोच नदीने खाल्ला. त्याची कामं अजून चालू, म्हणून आम्ही दक्षिणेला वळसा घालून कोलंबस गावावरून गेलो. त्या घळीतल्या रस्त्याची एक गोष्ट इथे सगळे सांगतात: वादळानंतर वेस्ट व्हर्जिनियाच्या कोळसा खाणीतले कामगार आपली यंत्रं घेऊन आले आणि नदीकाठच्या दगडांतून त्यांनी तात्पुरता रस्ता करून दिला. कोणाची वर्क ऑर्डर होती, हे बाबांनी दोनदा विचारलं. नव्हती, हे त्यांना पटेना.

चिमनी रॉक म्हणजे ३१५ फुटी एकटा सुळका, आणि पायथ्याशी एका रस्त्याचं टुमदार गाव. आइस्क्रीम, टोप्या, जेम्स्टोन विकणारी दुकानं. रॉकी ब्रॉड नदी या दुकानांच्या मागून वाहायची. २७ सप्टेंबरला ती दुकानांतून वाहिली. नदीकडची ओळ गेली. वरचं सरकारी उद्यान आठवड्यापूर्वीच, २७ जूनला उघडलं होतं. तात्पुरत्या पुलावरून गाड्या एक-एक करून सोडत होते. आम्ही वर गेलो नाही. बाबांचं लक्ष खाली.

पात्रात घरांएवढे दगड. काही नदीने आणलेले, काही माणसांनी काठाला रचलेले, कोणते कोणते ते सांगता येत नव्हतं. "केवढा उतार!" बाबा म्हणत होते. पाण्याचा वेग दुप्पट झाला की त्याची वाहून न्यायची ताकद दुप्पट होत नाही, कैक पटींनी वाढते. ज्या नदीत एरवी मुलं पाय बुडवून बसतात तीच त्या दिवशी मोटारीएवढे धोंडे लोटत होती. घळ संपते तिथे लेक लूर लागतं. पाण्याचा वेग तिथे मरतो. वेग मेला की हातातलं सगळं तिथेच टाकायचं, हा नदीचा नियम. झाडं, घरांचे तुकडे, बोटींचे धक्के, गॅसच्या टाक्या, आणि या सगळ्याखाली वाळू-गाळ. नदीने एका सकाळी डोंगर उतरवून तळ्यात भरला.

जुलै महिना, सुट्टीचा आठवडा. एरवी इथे बोटींची गर्दी असते. आता तळं उतरवलेलं. बोटींचे धक्के आपल्या लांब पायांवर कोरड्या जमिनीवर उभे, चिखलाचं तपकिरी मैदान, मधून सुतळीसारखी नदी, आणि मैदानावर पोकलेन.

बाबा एकदम तरुण झाले. पोकलेन, टिपर, भरून निघालेला हायवा, हॉर्न, बादलीचा खडखडाट. कठड्याला टेकून ते तासभर बघत राहिले. टिपरच्या अंगावर पाटी असते: गाडीचा नंबर आणि किती घनयार्ड माल मावतो तो आकडा. वादळानंतर उचललेल्या ढिगाऱ्याचे पैसे असेच मोजतात. टाकायच्या जागी उंच मचाणावर एक माणूस बसतो, गाडी खालून जाते, तो वरून बघून सांगतो किती टक्के भरली आहे. "म्हणजे ब्रासचाच धंदा," बाबा म्हणाले. ब्रास म्हणजे शंभर घनफूट, घनयार्ड म्हणजे सत्तावीस. त्यांनी जाणाऱ्या गाड्यांचे ब्रास करायला सुरुवात केली. "मचाणावरचा माणूस कोणाचा? ठेकेदाराचा की सरकारचा?" वेगळ्या कंपनीचा असतो, मी म्हटलं. "हं," ते म्हणाले. त्या 'हं'मध्ये अडतीस वर्षांची नोकरी होती.

मग धरण. १९२० च्या दशकात बांधलेलं. २७ सप्टेंबरला धरण कोणत्याही क्षणी फुटेल, खालच्या लोकांनी निघा, असा इशारा गेला होता. पाणी वरून गेलं, बाजूची माती खाल्ली, पण भिंत उभी राहिली. बाबांनी लांबूनच तिला नमस्कार केला. मी आधी समजलो घाम पुसतायत.

"हा गाळ काढायलाच हवा," परतताना ते म्हणाले. "तळं हे भांडं आहे. भांड्यात बसलेलं काढावंच लागतं." इथे नदीच्या मुखाशी हेलीनच्या आधीही गाळ काढावा लागायचाच.

"आणि वाशिष्ठी?"

ते जरा थांबले. वाशिष्ठीच्या बाबतीत आमच्या घरात दोन मतं आहेत आणि दोन्ही बाबांचीच आहेत. २२ जुलै २०२१ ला पेठमापच्या घरी आई-बाबा माळ्यावर होते. जिन्याला चौदा पायऱ्या. बाबा दर पंधरा मिनिटांनी भिंतीवर पेन्सिलीने रेघ मारून वेळ लिहीत होते. पाणी अकराव्या पायरीला थांबलं. मी इथे केरीत, फोन लागत नाही, दोन रात्री. त्यानंतर त्या डिसेंबरात गावाने गाळ काढा म्हणून साखळी उपोषण केलं, तेव्हा बाबा मंडपात जाऊन बसायचे. नदीतल्या बेटांवर झाडं वाढली होती, गोवळकोटपर्यंत भरती येते, भरतीला पाण्याचा उतार थांबतो. पात्र मोकळं हवं ही मागणी रास्तच होती. सरकारी यंत्रं आली, नाम फाउंडेशनच्याही मशीन उतरल्या, बेटं निघाली. मग एके ठिकाणी काठावर रचलेला गाळाचा ढीग पहिल्या पावसात सरळ परत नदीत गेलेला बाबांनी पाहिला, आणि महिनाभर ते घरात कोणाशी नीट बोलले नाहीत.

"वाशिष्ठीचं उद्या सांगतो," ते म्हणाले, आणि डोळे मिटले.

शुक्रवार, ४ जुलै

सकाळी गटातल्या एक निवृत्त जीवशास्त्राच्या शिक्षिका आम्हाला एका ओढ्यावर घेऊन गेल्या. नाव नको, ठिकाण सांगू नका म्हणाल्या, लोक दगड उचकटायला येतात.

ओढ्याचा वरचा भाग पुराने विस्कटलेला होता. झाडं आडवी, धोंडे, डोह, त्यावर आता हिरवी पालवी. खालचा भाग मात्र स्वच्छ. फार स्वच्छ. पुराचा राडा काढायला आलेल्या ठेकेदाराने लाकडांबरोबर काठावरची उभी झाडंही नेली होती, तळातले मोठे चपटे दगड काढून कडेला लोटले होते, आणि पात्र गटारासारखं सरळ, सपाट करून ठेवलं होतं. हे एकाच ओढ्यावर झालेलं नाही. नद्या राखणाऱ्या संस्थांनी आणि वन्यजीव खात्यातल्या लोकांनी याची जाहीर तक्रार केली आहे. तिकडे टेनेसीच्या सीमेवर नोलिचकीच्या घळीत रेल्वेमार्ग दुरुस्त करायला नदीच्या तळातलेच दगड उपसले, तेव्हा प्रकरण कोर्टात गेलं.

चपट्या दगडांचं काय एवढं? त्यांच्याखाली हेलबेंडर राहतो. दोन फुटांपर्यंत वाढणारा सॅलमँडर, चपटं डोकं, सुरकुतलेलं अंग, कातडीने श्वास घेणारा. त्याच्या अंगावर बुळबुळीत स्राव असतो, म्हणून इथे त्याला ज्या नावाने हाक मारतात त्याचं मराठी 'शेंबडं पाणमांजर' असं होईल. बाबांना हे नाव इतकं आवडलं की ते दिवसभर एकटेच हसत होते. शरद ऋतूच्या सुरुवातीला मादी दगडाखाली अंडी घालते आणि नर पहारा देतो. हेलीन आलं ते नेमकं तेव्हा. २०२४ च्या डिसेंबरात त्याला संकटग्रस्त जाहीर करायचा प्रस्ताव केंद्राच्या खात्याने मांडला.

बाबा सपाट भागात उभे राहिले, मग विस्कटलेल्या भागात, मग परत सपाट भागात. एक काडी टाकली. मनगटावरच्या घड्याळात बघत तिच्याबरोबर चालले. सरळ केलेल्या तुकड्यात काडी सुसाट गेली. वरच्या भागात दगडांत अडकत, गोल फिरत, बराच वेळ घेत आली.

"यांनी खालच्या गावाला पूर लवकर पाठवायची सोय केली," ते मराठीत म्हणाले. मी भाषांतर केलं. बाईंनी मान हलवली, पण म्हणाल्या, ज्यांच्या अंगणात ही लाकडं अडकून पाणी शिरलं ते मला शिव्या देतात. त्यांना नदी साफ हवी आहे. त्यांचंही चूक नाही.

"घनयार्डावर पैसे असले," बाबा म्हणाले, "की माणसाला नदीत घनयार्डच दिसतात. आमच्याकडे घनमीटर दिसायचे." वाशिष्ठीबद्दल 'उद्या' सांगणार होते, ते एवढंच.

दुपारी ॲशव्हिल. फ्रेंच ब्रॉडच्या काठची कलावंतांची वस्ती, रिव्हर आर्ट्स डिस्ट्रिक्ट. जुन्या गोदामांतले स्टुडिओ. काही उघडलेत, काही नुसते विटांचे सांगाडे. १९१६ च्या जुलैमध्येही लागोपाठ दोन वादळांनी इथे असाच पूर आणला होता, तेव्हा पाणी २३.१ फुटांवर गेलं. शंभरहून अधिक वर्षं तोच आकडा शेवटचा मानला गेला. हेलीनने २४.६७ केला.

पण बाबांना खरं गुंतवलं ते पिण्याच्या पाण्याने. शहराच्या मुख्य जलवाहिन्या वाहून गेल्या, पर्यायी वाहिनीही गेली. त्या जोडल्या तर धरणाचं पाणी इतकं गढूळ, की शुद्धीकरण केंद्राला पेलेना. तोच पावडरीसारखा गाळ, बसतच नव्हता. शेवटी बोटींतून तलावात ॲल्युमिनियम सल्फेट सोडलं.

"म्हणजे तुरटी?"

"तुरटीचंच भावंड."

"आपण मडक्यात फिरवायचो ती?" त्यांना हे अपरूप वाटलं. एवढं मोठं अमेरिकेतलं शहर, ५३ दिवस नळाला पिण्याजोगं पाणी नाही, आणि शेवटी मडक्यात तुरटी.

संध्याकाळी आतषबाजीच्या आधी फोनवर टेक्ससची बातमी आली. ग्वादलूपे नदी पहाटे अंधारात चढली होती, मुलींचं शिबिर होतं काठावर. आम्ही आतषबाजीला गेलो नाही.

शनिवार, ५ जुलै

पुन्हा बाईंचं घर. पाट्यांचे सांधे भरायचे. या पुट्टीला इथले कामगार 'मड', म्हणजे चिखल, म्हणतात. बाबांनी ते ऐकलं. "नऊ महिने घरातला मड काढला, आता परत मड भरतायत?"

शेवटची पाटी ठोकायच्या आधी बाईंनी सगळ्यांना थांबवलं. एका खांबावर पुराच्या पाण्याची रेघ होती, त्यांनी मार्करने जाड केलेली. ती आता झाकली जाणार. त्यांना ती झाकायचीही होती आणि पुसायची नव्हती. बाबांनी मोजपट्टी लावली, पाच फूट दोन इंच. प्लंबरच्या कानावरची सुताराची चपटी पेन्सिल मागून घेतली आणि रेघेच्या वर, खात्याच्या वळणदार अक्षरात लिहिलं: '२७-९-२०२४, पाणी ५ फू. २ इं.' खाली सही, तारीख. बाईंनी विचारलं, काय लिहिलंय? मी सांगितलं. त्यांनी त्या अक्षरांवरून बोट फिरवलं, मग प्लंबरने पाटी लावली आणि बाबांनी पहिला स्क्रू ठोकला.

निघताना बाईंनी मक्याची भाकरीवजा वडी दिली, आणि प्लंबरने पेन्सिल.

रविवार, ६ जुलै

आषाढी एकादशी. बाबांचा उपास. पहाटे बंकवर बसून त्यांनी फोनवर पंढरपूरची गर्दी बघितली, राजगिऱ्याचे दोन लाडू खाल्ले, चर्चच्या हॉलमधल्या लोकांना तिसरा वाटून दिला. प्रसादच म्हटला मी.

शांटाल नावाचं छोटं वादळ पहाटे साउथ कॅरोलायनाच्या किनाऱ्यावर आलं होतं. किनाऱ्यावर, म्हणजे आमच्यापासून लांब. पाऊस पडेल एवढंच वाटलं. घाट उतरलो तेव्हा ऊन होतं. ग्रीन्सबरोला आभाळ भरून आलं. बर्लिंग्टन येईपर्यंत वायपर तिसऱ्या वेगावर होते आणि समोरच्या गाडीचे लाल दिवे दिसेनासे झाले. दोघांचेही फोन एकदम किंचाळले: अचानक पुराचा इशारा. पुढे रस्ता पाण्याखाली, गाड्या वळवतायत. चॅपल हिल, कारबोरो, डरॅम, घराकडच्या सगळ्या नावांपुढे लाल त्रिकोण. बायकोने फोन केला, केरीत ठीक आहे, पण तुम्ही आहात तिथे थांबा. अरे, बाबांना भूक लागली असेल, केळी घे, असं पाठीमागून आई.

बाहेर पडलो आणि एका पेट्रोल पंपाच्या छताखाली गाडी लावली. आमच्यासारख्या वीसेक गाड्या. पंपाच्या मागच्या उतारावर एक ओढा असावा. दिसत नव्हता, आवाज येत होता. वाहनतळाच्या खालच्या कोपऱ्यात पाणी जमायला लागलं होतं.

केळी घेऊन दुकानातून बाहेर आलो तर बाबा गाडीत नव्हते. छत्री न घेता खालच्या कोपऱ्याशी, विजेच्या खांबाच्या सिमेंटच्या बैठकीपाशी वाकलेले. हातात चपटी पेन्सिल.

"बाबा, गाडीत बसा. भिजताय."

"टॉर्च धर."

फोनचा दिवा लावला. बैठकीवर पाण्याच्या कडेला एक आडवी रेघ, पुढे ८.४०. तिच्या बोटभर वर दुसरी, ८.५५. आम्ही छताखाली आलो. त्यांनी एक केळं सोललं. पंधरा मिनिटांनी परत गेलो. ९.१०, दुसरीच्या पेराभर वर. ९.२५ ला रेघ मारायला ते वाकले, आणि तसेच थांबले. पेन्सिल तिसऱ्या रेघेवरच टेकली होती.

"स्थिर आहे," ते म्हणाले, आणि त्याच रेघेपुढे दुसरी वेळ लिहिली.

गाडीत येऊन त्यांनी चष्मा पुसला, सीट मागे केली. "पाऊण तासाने उठव," म्हणाले. मी दहाला खाली जाऊन बघून आलो. पाणी दोन सूत उतरलं होतं. त्यांना उठवलं नाही; पेन्सिल त्यांच्या मुठीत होती.